चैत्यभूमी आणि आपला सातबारा



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही ‘आपल्या समाजाच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्या’ असा आग्रह धरला. प्रस्तुत लेखक पदवीधर नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि तीवर डी.एड., एवढीच त्याची शिदोरी. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना इतिहास शिकविला, त्या तुटपुंज्या अधिकारावर हे धाडस करीत आहे. आजवरच्या अंकांतून आपली मिठागरे, आपले दर्यावर्दी पूर्वज, गावोगावच्या जत्रा यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. या खेपेस मी अशा एका स्मारकाविषयी लिहिणार आहे की, जे आपलेही आहे असे आपल्यापैकी फार थोड्यांना वाटत असेल. ते म्हणजे दादरची चैत्यभूमी. शीर्षक पाहून काही वाचक पान उलटतील, हे मी धरून चाललो आहे. त्यांनी निदान चरीच्या संपापर्यंत तरी वाचावे, एवढीच विनंती.

प्रथम तेथे जाण्याचा योग कसा आला ते सांगतो. कारण मी काही संकल्प करून निघालो नव्हतो. आमच्या वडपे गावावरून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. त्याच्या रुंदीकरणात आमच्या शेताचा एक पट्टा गेला. त्याच्या मोबदल्याचे प्रकरण एका कचेरीत अडकले होते. ३ डिसेंबर २०२४ रोजी, मार्गशीर्ष नुकताच लागला असता, सकाळीच सर्व कागद पिशवीत घालून मी ठाण्यास गेलो. सातबारा, फेरफार आणि आजोबांच्या नावचे ३२-म चे प्रमाणपत्र, असे तीन पिढ्यांचे कागद बरोबर होते. कचेरीत कळले की साहेब दौऱ्यावर गेले आहेत. चार हेलपाटे झालेल्या माणसाला याचे दुःख वाटत नाही. दिवस मोकळा मिळाला होता, आणि ठाण्याच्या स्थानकावर निळे झेंडे घेतलेली बरीच मंडळी गाडीची वाट पाहत उभी होती. लहान मुले, म्हाताऱ्या बाया, डोक्यावर बोचकी. मी त्यांच्याच डब्यात चढलो आणि दादरला उतरलो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. लग्नाचे बस्ते बांधण्यासाठी, फुले आणण्यासाठी, रुग्णालयात कोणाला भेटण्यासाठी दादरला किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. शाळेत दर १४ एप्रिलला आणि दर ६ डिसेंबरला बाबासाहेबांवर भाषणे केली. तथापि स्थानकापासून चैत्यभूमीपर्यंतची अर्ध्या तासाची वाट मी एकदाही चाललो नव्हतो. का चाललो नव्हतो, याचे उत्तर पुढे येईल.

शिवाजी पार्कवर मांडव उभे राहत होते. महापरिनिर्वाण दिनाला तीन दिवस अवकाश होता, तरी विदर्भ-मराठवाड्यातील माणसे येऊन उतरली होती. कोणी चुलीवर भाकरी भाजीत होते, कोणी नळावर अंघोळी उरकीत होते. मैदानाच्या कडेने पुस्तकांची दुकाने लागत होती. मी जत्रा पुष्कळ पाहिल्या आहेत. जत्रेत नारळ, खेळणी, मिठाई यांची दुकाने असतात. पुस्तकांची एवढी दुकाने, आणि तीही गोणपाटाची पिशवी हाती असलेल्या गिऱ्हाइकांसाठी, मी अन्यत्र पाहिलेली नाहीत. एक बाई घटनेची प्रत घेण्यासाठी दुकानदाराशी घासाघीस करीत होती. शिक्षकाला याहून आणखी काय हवे?

स्मारकाची वास्तू तशी लहानच आहे. सांचीच्या स्तूपाच्या तोरणाची प्रतिकृती असलेले प्रवेशद्वार, आत अशोकस्तंभाची प्रतिकृती, आणि मध्ये चौरस बांधणीवर छोटासा घुमट. आत संगमरवरी फरशी, बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणि तथागतांची मूर्ती. पाठीमागे समुद्र. मुंबईतील मोठमोठ्या इमारती पाहून आलेल्या माणसाला वाटावे, एवढ्या मोठ्या माणसाचे स्मारक एवढेसेच? परंतु हीच ती जागा की जेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. आदल्या दिवशी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे निधन झाले. विमानाने पार्थिव मुंबईस आणून हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या त्यांच्या निवासस्थानी ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी लाखो लोकांची अंत्ययात्रा या किनाऱ्यावर आली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते. येथे चितेजवळच हजारो लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पुढे बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव ऊर्फ भय्यासाहेब आंबेडकर यांनी खटपट करून, लोकांच्या वर्गणीतून ही वास्तू उभी केली. ५ डिसेंबर १९७१ रोजी भय्यासाहेबांच्या पत्नी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जवळच्याच इंदू मिलच्या जागेवर भव्य स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ते सरकारी स्मारक. हे मात्र वर्गणीचे आहे, आणि वर्गणीच्या वास्तूविषयी मला नेहमीच अधिक आदर वाटत आला आहे.

रांगेत माझ्यापुढे माझ्याच वयाचे एक गृहस्थ व त्यांच्या पत्नी होत्या. हिंगोली जिल्ह्यातील. रांग हळूहळू सरकत होती, तेव्हा बोलणे निघाले. माझे गाव भिवंडीजवळ आहे म्हणताच त्यांचा चेहरा फुलला. “अहो, आमचं पोरगं भिवंडीलाच हाय, गोदामात. माल चढवतंय-उतरवतंय.” कोणते गोदाम ते त्यांना नीट सांगता येईना. हायवेवर, पुलापाशी, एवढेच ठाऊक. मग सहज त्यांनी विचारले, “गुरुजी, तुम्ही आपल्यातलेच का?” मी म्हटले, “नाही. मी आगरी.” ते क्षणभर थांबले आणि अगदी निष्कपटपणे म्हणाले, “मग कसं काय येणं केलं?”

कचेरीतला साहेब भेटला नाही म्हणून आलो, असे त्यांना कसे सांगणार? “आमच्यावर त्यांचे उपकार आहेत,” एवढेच मी म्हणालो. ते उपकार कोणते, हे सांगण्यास रांगेत सवड नव्हती. ते येथे सांगतो.

इंग्रजी अमलात कोकणपट्टीतील शेतकरी बहुतांशी कुळ होता. जमीन खोताची, इनामदाराची वा सावकाराची. नांगर, बैल, घाम आपला. मक्त्याने जमीन घेतली असेल तर ठरलेल्या खंड्या भात घालावेच लागे, मग पाऊस बुडो की खाडीचे पाणी बांध फोडून आत येवो. अर्धेलीने घेतली असेल तर खळ्यावरूनच निम्मे भात उचलले जाई. खारजमिनीचे बांध घालावयाचे आपण, दुरुस्त करावयाचे आपण, आणि पीक बरे आले की मालक दुसऱ्याला जमीन देणार. कागदावर आपले नाव नसे. घरातील लग्न असो की मयत, सावकाराच्या ओटीवर जाऊन अंगठा दिल्यावाचून निभत नसे. हे सारे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. पण समाजाच्या इतिहासात आपण ते लिहीत नाही. दर्यावर्दी पूर्वज सांगावयास बरे वाटतात, अंगठा देणारे पूर्वज नाहीत.

या अवस्थेविरुद्ध पहिला संघटित लढा उभारला तो आपल्याच समाजातील कै. नारायण नागू पाटील यांनी, अलिबाग तालुक्यात. कोकण प्रांत शेतकरी संघ स्थापून त्यांनी गावोगाव कुळांच्या सभा भरविल्या. त्यांचे सहकारी अनंत विनायक चित्रे ऊर्फ भाई चित्रे हे जातीने कायस्थ प्रभू. १९२७ च्या महाडच्या परिषदेचे ते एक प्रमुख संघटक होते. महाडच्या पाण्याचा लढा आणि अलिबागच्या भाताचा लढा यांना जोडणारा दुवा हा असा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी पोयनाडजवळच्या चरी या गावी पंचवीस गावांतील कुळांची सभा झाली आणि निश्चय झाला की जमीनदारांच्या जमिनी यापुढे कसावयाच्या नाहीत. हा संप एक-दोन हंगामांचा नव्हता. तो सहा वर्षे, १९३९ पर्यंत चालला.

सहा वर्षे शेत न कसणे म्हणजे काय, हे पुस्तकात कळत नाही. मला ते एका म्हाताऱ्याने सांगितले. १९७८ साली माझी पहिली नेमणूक तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, पोयनाडच्या परिसरातील एका शाळेवर झाली होती. शाळेशेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. संपाच्या वेळी ते विशीतले होते. संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसे. ते म्हणत, “सा वरसा नांगर नाय घातला आमी, मास्तर. रानातली लाकरा तोरली न इकली. पोरा उपाशी निजली, पन बांधावर पाय नाय ठेवला.” भाताच्या मुलखात भाताचा दाणा विकत आणावा लागला. बायकांनी अंगावरचे मणी-डोरले मोडले. खाचरांतून गवत वाढले, आणि ते गवतसुद्धा कोणी कापले नाही.

या संपाच्या दुसऱ्या वर्षी, १६ डिसेंबर १९३४ रोजी, चरी येथे कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही तारीख आपल्या मुलांना पाठ असावयास हवी होती. सदतीस वर्षांत मला एकही मूल असे भेटले नाही, आणि दोष मुलांचा नव्हे, माझा आहे. जमलेले शेतकरी बव्हंशी आगरी व कुणबी. त्या काळी एखाद्या मोठ्या वकिलाला वा पुढाऱ्याला कुळांची बाजू घेऊन जमीनदारांचा रोष ओढवून घेण्याचे कारण नव्हते. बाबासाहेब आले. पुढे १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधानसभेत ते स्वतः बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. एकीकडे सभागृह, दुसरीकडे वृत्तपत्र, तिसरीकडे ओस पडलेली खाचरे, अशी ती लढाई होती.

विधेयक मांडले गेले, पण ते पुढे सरकेना. तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेण्यात आला. सुमारे वीस हजार शेतकरी आले होते, आणि ते कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक या जिल्ह्यांचे होते तसेच आपल्या ठाणे जिल्ह्याचेही होते. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्यांचे शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना भेटले. ठाणे जिल्ह्याशी त्यांचा संबंध तसा जुनाच होता. १९२७ साली बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले होते. असो.

१९३९ साली मुंबई कुळ कायदा झाला आणि ‘संरक्षित कुळ’ हा शब्द प्रथमच कायद्यात आला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला सहजासहजी काढता येणार नाही, असे ठरले. नंतर १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, आणि शेवटी १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’, ज्या दिवशी कुळ हा कसत असलेल्या जमिनीचा कायद्याने खरेदीदार झाला. याचे श्रेय एकट्या बाबासाहेबांना द्यावे असे मी म्हणत नाही. १९३९ आणि १९४८ चे कायदे काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी केले, आणि खोती संपली तेव्हा बाबासाहेबांचे विधेयक बारा वर्षांचे जुने झाले होते. परंतु उपाशी राहून लढणाऱ्या कुळांचे गाऱ्हाणे ज्यांनी प्रथम सभागृहात नेले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. कायदा हा फळासारखा एके दिवशी झाडावर दिसतो; खत कोणी घातले हे विसरावयास वेळ लागत नाही.

आमच्या घरात हे फळ कसे आले तेही सांगतो. आजोबा भिवंडीच्या एका सावकाराचे कूळ होते. दोन एकर अकरा गुंठे. ३२-ग ची नोटीस आली तेव्हा न्यायाधिकरणापुढे उभे राहून ‘मला जमीन खरेदी करावयाची आहे’ असे तोंडाने सांगावे लागे. कूळ गैरहजर राहिले किंवा ‘नको’ म्हणाले की खरेदी निष्फळ ठरे. मालकाच्या भिडेने वा भयाने कित्येकांनी ‘नको’ म्हटले. त्यांच्या वंशजांना आज ते आठवते. आजोबा तीन मैल चालत गेले आणि ‘हवी’ म्हणाले. किंमत हप्त्याहप्त्याने फेडली. शेवटचा हप्ता फिटल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले, ते त्यांनी पत्र्याच्या पेटीत, देवीच्या टाकाशेजारी ठेवले. त्या दोन एकरांवर माझे वडील शिकले नाहीत, पण मी शिकलो. मी मास्तर झालो तो त्या कागदावर.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगितली पाहिजे, जरी लेखणी जड होत असली तरी. सुमारे १९६६ साली मी तिसरीत असताना बौद्धवाड्यातील माझ्या एका वर्गमित्राच्या घरी गेलो आणि तहान लागली म्हणून त्याच्या आईने दिलेले पाणी प्यालो. ही वार्ता घरी पोचली. आजीने मला ओटीवर चढू दिले नाही. आधी गोमूत्र शिंपडले. आणि आजोबा, तेच आजोबा, ज्यांच्या पेटीत ते प्रमाणपत्र होते, त्यांनी मला काठीने मारले. ते दुष्ट नव्हते. गावात दांडगाई करणाऱ्यांत त्यांचे नाव कधी आले नाही. त्या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नाही. माझ्याही आले नाही, हे अधिक वाईट. कारण मी शिकलेला होतो. तो मित्र चौथीनंतर शाळेत आला नाही. दादरची अर्ध्या तासाची वाट मला इतकी वर्षे लांब का वाटली, त्याचे उत्तर त्या ओटीवर आहे.

पोयनाडकडच्या त्या म्हाताऱ्याला मी एकदा विचारले होते, “बाबासाहेब आले त्या दिवशी तुम्ही सगळे त्यांच्या पंक्तीला जेवलात का?” ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या इचारू नको, मास्तर. टाल्या मातर आमी लय वाजवल्या.”

आणखी एक गोष्ट, जी मला त्या दिवशी रांगेत समजली. पुढच्या गृहस्थांना मी विचारले, “तुमची जमीन किती?” ते हसले. “आमच्या नावावर काय नाही गुरुजी. बापानं गायरानाचा तुकडा काढला होता, तोच करतो. त्याची बी नोटीस येती मधून मधून.” कुळ कायद्याने जमीन दिली ती कुळाला, मजुराला नव्हे. ज्याच्याकडे मक्त्यानेही जमीन नव्हती, त्याला १ एप्रिल १९५७ चा दिवस ३१ मार्चसारखाच होता. महारांची वतने होती, पण त्या वतनापायी गावाची आणि सरकारची वेठ करावी लागे. त्यात सुधारणा व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते. ती कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट झाली १९५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. भूमिहीनांना पडीक जमीन द्या म्हणून १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी मोठे सत्याग्रह केले आणि हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. म्हणजे आमच्यासाठी जो माणूस चरीला आला, त्याच्या स्वतःच्या माणसांतील पुष्कळांना सातबारा लाभलाच नाही. आणि ज्यांना लाभला त्या आम्ही त्यांना पाणीही दिले नाही.

बाबासाहेबांचा शेतीचा विचार चरीपुरता नव्हता. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतांवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेत लहान आहे हा मूळ रोग नव्हे. शेतीला भांडवल नाही आणि एका शेतावर खाणारी तोंडे फार आहेत, तेव्हा ही जादा माणसे उद्योगधंद्यांत गेली पाहिजेत, असे त्याचे तात्पर्य होते. १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात ते याहून पुढे गेले: जमीन सरकारच्या मालकीची असावी, गावकऱ्यांनी ती सामुदायिक रीतीने कसावी आणि ती वाटताना जातपात पाहू नये, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही शब्दच उरणार नाहीत. हा विचार कोणी मानला नाही. आपणही मानला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सातबारा हाती पडल्यावर सामुदायिक शेतीला कोण तयार होतो?

मात्र त्या सातबाऱ्याचे आपण काय केले, हे आपल्या तालुक्यात डोळ्यांनी दिसते. माणकोली, वळ, पूर्णे, राहनाळ, काल्हेर, सोनाळे आणि आमचे वडपे येथे आवणीच्या खाचरांवर आज गोदामे उभी आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि आमच्या शिवारातील गुंठ्याचा भाव आणखी वर गेला. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना मी दोष देत नाही. मुलांची शिक्षणे झाली, घरे झाली. काहींचे पैसे गाड्यांत आणि हळदीच्या मांडवांत गेले. जानेवारी १९८४ मध्ये उरण-पनवेलकडे आपल्याच समाजाचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी लढले आणि पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले. म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. आपल्या बाजूला तेवढाही संघर्ष झाला नाही. जो तो आपापला दलाल घेऊन गेला. आणि त्या गोदामांत माल चढविण्यासाठी हिंगोलीच्या गायरानावरून माणसे आली. जादा माणसांनी उद्योगधंद्यात जावे असे १९१८ च्या त्या निबंधात होते खरे. परंतु रोजंदारीवर, पुलाखाली भाड्याच्या खोलीत दहाजणांनी राहावे, असे त्यात नव्हते.

माझी पाळी आली. आत फार वेळ उभे राहू देत नाहीत. मी पिशवी पोटाशी धरून नमस्कार केला. पुढचे गृहस्थ मात्र गुडघे टेकून बसले होते. स्वयंसेवकाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा उठले. बाहेर आल्यावर समुद्राच्या कठड्यापाशी त्यांनी मला भाकरी देऊ केली. त्यांच्या पत्नीने बाटलीतील पाणी पुढे केले, आणि मी ते प्यालो. ती शेंगदाण्याची चटणी फार तिखट होती. मग मी आजोबांचे प्रमाणपत्र काढून त्यांना दाखविले. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ते दूर धरून पाहिले, शिक्क्यावरून बोट फिरविले आणि म्हणाले, “जपून ठेवा गुरुजी. असा कागद लई नशिबानं भेटतो.” मुलाचा भ्रमणध्वनी क्रमांक त्यांनी मला लिहून दिला. मुलगा आमच्या वडप्यापासून दोन मैलांवरच्या गोदामात निघाला. रविवारी तो आमच्याकडे येतो, कधी जेवतो, कधी नुसता चहा घेऊन जातो.

परतताना मी शिवाजी पार्कवरील एका दुकानातून बाबासाहेबांची तसबीर घेतली. आपल्या मंडळाच्या कचेरीत भिंतीवर अकरा तसबिरी आहेत. नारायण नागूंची आहे, दि. बां.ची आहे. त्यांच्या रांगेत ही लावावी असा अर्ज मी जानेवारी २०२५ मध्ये कार्यकारिणीला दिला. एका सभेत म्हणण्यात आले की ‘ते त्यांचे नेते आहेत, आपण आपले लावावेत.’ दुसऱ्या सभेत चरीच्या परिषदेची माहिती मी वाचून दाखविली. सर्वांनी शांतपणे ऐकली आणि वेळ फार झाल्यामुळे विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला. रस्त्याच्या पट्ट्याचा मोबदला मध्यंतरी मिळाला. तसबीर अद्याप माझ्या ओटीवर आहे.